संध्याकाळी महापालिका शाळांच्या खोल्या उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत गुणवंतांचे फोटो येतात, पेढा भरवणारे आई-वडील येतात. ते यायलाच हवेत, मुलांनी कष्ट केलेले असतात. मला लिहायचं आहे ते त्याच वयाच्या पण निकालाच्या यादीपर्यंत न पोचलेल्या मुलांबद्दल. माझी मागणी आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्या वाचकालाही ती कळेल. शहराच्या पूर्व भागातल्या महापालिका शाळांच्या दोन-दोन खोल्या संध्याकाळी सहा ते आठ उघड्या ठेवाव्यात, आणि आम्हा निवृत्त शिक्षकांना तिथे मुलांना घेऊन बसू द्यावं.

हे मागण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारेल म्हणून थोडं स्वतःबद्दल. मी गणिताची शिक्षिका. माझे वडील सोलापूरच्या 'जुनी गिरणी' या कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी साठच्या दशकात बंद पडली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वडील मग दुसऱ्याच्या मागावर कामाला जाऊ लागले आणि घर खऱ्या अर्थाने चाललं ते आईच्या बिड्यांवर. पान कापायचं आणि बिडी वळायची आईने, तोंडं मुडपायची आम्ही बहिणींनी. साखर पेठेतल्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी चार-पाच घरच्या बायका सुपं मांडीवर घेऊन बसायच्या. आमची पुस्तकं त्यांच्या पलीकडे, भिंतीला टेकून उभी केलेली असायची, कारण पान उघडं ठेवायला हात मोकळा नसायचा.

१९७० साली मी मॅट्रिक झाले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. दहावीची पहिली तुकडी १९७५ ची. मी दयानंद कॉलेजात सायन्सला प्रवेश घेतला. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ साली मिळालं, आमचं विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी. फी ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या सवलतीत बसली, त्यामुळे वडिलांना नाही म्हणायला कारण उरलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात वर्गात बसून मला रडू फुटायचं बाकी राहिलं. शाळेतलं सगळं गणित, सगळं शास्त्र मराठीतून झालेलं, आणि इथे फळ्यावरही इंग्रजी, सरांच्या तोंडीही इंग्रजी. त्रिकोणमिती मला येत होती. पण समोर चाललेली ती त्रिकोणमितीच आहे, हे कळायला तास संपायचा.

त्या वेळी दोन माणसं मिळाली म्हणून मी शिकले. एक आमच्या गल्लीतली अक्का. तीही बिडी वळणाऱ्या बाईची मुलगी, माझ्यापुढे दोन वर्षं. तिने स्वतःसाठी एक वही केली होती: डाव्या पानावर शाळेतल्या मराठी संज्ञा, उजव्या पानावर कॉलेजातल्या इंग्रजी, आणि मध्ये छोटी आकृती. ती वही तिने मला दिली, आणि नुसती देऊन थांबली नाही. रोज ओट्यावर बायकांच्या शेजारी बसून, हातातलं काम चालू ठेवून, ती मला एकेक पान विचारायची. दिवाळीपर्यंत मला तास समजू लागला.

दुसरे आमचे गणिताचे सर. शेवटचा तास संपला की ते कोपऱ्यातल्या वर्गात थांबायचे. ज्याला अडेल त्याने यावं, एवढंच. कुणाला बोलावणं नाही, हजेरी नाही. खोलीची किल्ली असायची शिपाईमामांकडे, आणि ते मामा आम्ही उठेपर्यंत दाराबाहेर स्टुलावर बसून राहायचे. आज विचार करते तेव्हा त्या मामांचे उपकार मला सरांइतकेच मोठे वाटतात. त्यांनी पाच वाजता कुलूप लावलं असतं तर सर कुठे बसले असते?

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा त्या खोलीची खरी किंमत कळली. आमच्याबरोबर सांगोला, मंगळवेढा, करमाळा इकडची बरीच मुलं वसतिगृहात राहायची. त्यांच्या घरची माणसं खडी फोडायला, बंडिंगच्या आणि रस्त्याच्या कामावर जात होती. रेशनवर मिलो ज्वारी मिळायची, तिची लालसर भाकरी डब्यात असायची. काही मुलं कॉलेज सोडून घरच्यांबरोबर कामावर गेली आणि एक-दोन महिन्यांनी परत आली. तोपर्यंत वर्ग पुढे गेलेला. सरांनी त्या मुलांना संध्याकाळी त्या खोलीत बसवून इंटिग्रेशन पहिल्यापासून शिकवलं. त्यांतला एक वर्गमित्र पुढे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला. दोघं-तिघं कायमचे गेले, त्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

पुढे बी.एड. झालं, शाळेत लागले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

निवृत्तीनंतर पूर्व भागातल्या एका समाजमंदिरात मी मुलांना घेऊन बसू लागले. पाचवी ते दहावीची मुलं येतात. आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. टॉवेल आणि चादर सोलापूरची म्हणून देशभर जाते, तिचे माग पुष्कळदा या मुलांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे चालू असतात. खडखडाटात मोठ्याने वाचलेलं स्वतःलाच ऐकू येत नाही. कुणी मोठा मुलगा शाळा सुटली की मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जातो. अशा घरात 'अभ्यासाची वेळ ठरवा, शांत कोपरा निवडा' हा परीक्षेच्या दिवसांत छापून येणारा सल्ला कुणी कसा पाळायचा?

आता या मुलांना येत नाही ते नेमकं काय, हे सांगते, कारण त्याबद्दल समाजात गैरसमज फार आहेत. मुलांना गणितात गती नाही, घरचं वातावरण नाही, असं सहज बोललं जातं. नववीतल्या एका मुलीला मी ६१२ ला ६ ने भागायला दिलं. उत्तर आलं १२. सहा एके सहा झालं, पुढचा एक उतरवला, तो सहाने भागला जात नाही म्हणून तिने लगेच दोनही उतरवला आणि साहदुणे बारा करून मोकळी झाली. मधलं शून्य गेलं. हे शून्य तिसरी-चौथीत गेलेलं असतं आणि मग दरवर्षी ते मूल त्यावर नवं गणित रचत जातं. बीजगणितात बहुपदींचा भागाकार येतो तेव्हा सगळं कोसळतं, आणि आपण म्हणतो की हिला बीजगणित जमत नाही.

मी तिला म्हटलं, सहाशे बारा बिड्या सहा जणींत वाटायच्या आहेत, वाट. पंचवीसचं एक बंडल, चार बंडलं म्हणजे शंभर, चाळीस बंडलं म्हणजे हजार. हा हिशेब तिच्या बोटांत होता, तो तिला कुणी वहीत शिकवलेला नव्हता. तिने मनातल्या मनात वाटलं आणि स्वतःच म्हणाली, "बाई, बारा कशा? शंभर-शंभर तर आधीच आल्या की." मग वहीतलं उत्तर खोडून १०२ लिहिलं. त्यानंतर ८१६ भागिले ८, १५१५ भागिले ५, असं करत आम्ही तासभर फक्त मधल्या शून्याच्या मागे होतो. आठवड्याभरात ते पक्कं झालं. तंबाखूची उदाहरणं मुलांपुढे कशाला, असं माझ्या एका मैत्रिणीने विचारलं. तिची काळजी रास्त आहे. पण जो हिशेब आईच्या हातून रोज घरात होतो तो त्या मुलीच्या मालकीचा आहे, आणि तिथूनच तिला पुढे नेता येतं.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, आणि मुलं बहुतेक मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात. दोन्ही भाषांत संख्या बोलताना दशक आधी येतो, एकक नंतर. मराठीत उलट. मी 'त्रेपन्न' म्हटलं की पाचवीतला मुलगा आधी ३ लिहितो, मग ५. तो ३५ लिहितो तेव्हा त्याने ऐकल्याप्रमाणेच लिहिलेलं असतं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' या पद्धतीचं संख्यावाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी लहान मुलांचा जोडाक्षरांचा त्रास समजावून सांगितला होता. टीका करणाऱ्यांपैकी कुणी आमच्या भागात येऊन दुसरीच्या वर्गात बसलं असतं तर त्यांना ते पटलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं शाळेत का होत नाही, असा प्रश्न येतोच. मी आयुष्यभर शाळेत काढलं आहे, तेव्हा शिक्षकांवर बोट ठेवणं मला मान्य नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलीच्या एका शून्यासाठी तासभर थांबता येत नाही. त्यातून मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन भरायच्या माहित्या. आठवीपर्यंत मूल बहुधा पुढच्या वर्गात जातं आणि त्याला नेमकं कुठे अडलं ते कुणाच्याच नोंदीत नसतं. ते शोधायला एक माणूस त्या मुलाच्या शेजारी, घाई न करता, रोज बसायला लागतो. असा वेळ शहरात कुणाकडे असेल तर तो आमच्या पिढीकडे आहे. आमची पेन्शन आहे, मुलं पुण्याला-हैदराबादला, सकाळचं फिरणं झालं की दिवस मोकळा.

दानशूर माणसं आमच्याकडे येतात. वह्या देतात, दप्तरं देतात, चौदा एप्रिलला, पंधरा ऑगस्टला खाऊ देतात. त्यांचे आभारच आहेत, वह्या लागतातच. पण माझी त्यांना विनंती असते की वहीबरोबर अर्धा तासही द्या. एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असेच वह्या द्यायला आले आणि थांबले. ते आता दर शनिवारी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. त्यांचं काम आमच्या शिकवण्याइतकंच मोलाचं आहे. बिडी कामगारांच्या मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. ती पोर्टलवर भरावी लागते, आईचं बिडी कामगार ओळखपत्र लागतं, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. आईच्या कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. माहेरचं नाव, सासरचं नाव, तेलुगू उच्चाराचं नाव. एवढ्यावरून अर्ज अडकतो. तसंच आठवीतल्या मुलांसाठी एन.एम.एम.एस. परीक्षा आहे. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ती सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या गरीब घरच्या मुलांसाठीच आहे. बुद्धिमत्ता चाचणीचे ९० आणि शालेय विषयांचे ९० असे प्रश्न असतात. त्या पहिल्या ९० प्रश्नांचा सराव कुणी सहा महिने करून घेतला तर आमची मुलं त्यात मागे राहत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. नववीतली एक मुलगी यायची थांबली म्हणून मी तिच्या घरी गेले. आईची पाठ धरली होती, बसवत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, पोरीनं शिकू नये असं माझं म्हणणं नाही. पण पान भिजवलंय ते आज वळायलाच पाहिजे, उद्या वाळून जातंय." तिच्या बोलण्यात काहीच चुकीचं नव्हतं. भिजवलेलं पान थांबत नाही, आणि माल कमी दिला तर त्या दिवसाची मजुरी कमी. उपदेश करून हा प्रश्न सुटला नसता. शेजारच्या दोघींशी बोलून असं ठरवलं की संध्याकाळी सातपर्यंत मुलीने वळायचं आणि सातनंतर तासभर तिला मोकळं करायचं. शाळेतली हजेरी तोवर बुडालेली होती. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसवलं. ती आता बारावीला आहे. सतरा नंबरची सोय पुष्कळ आयांना माहीतच नसते. शाळा सुटली म्हणजे दहावी सुटली असं त्या समजतात.

पण त्या मुलीसाठी सातनंतर बसायला जागा मिळवणं हीच मोठी अडचण होऊन बसली. समाजमंदिर लग्नाच्या दिवसांत मिळत नाही, गणपतीत आणि नवरात्रात मिळत नाही, कुणाची बैठक असली तर मिळत नाही. परीक्षेच्या ऐन दिवसांत आम्ही मुलांना घेऊन एका घराच्या गच्चीवर बसलो. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको, संध्याकाळी सातलाही गच्चीची फरशी तापलेली असते. आणि तिथून दोन गल्ल्या सोडून शाळेची इमारत अंधारात कुलूपबंद उभी असते. बाक आहेत, फळा आहे, पंखे आहेत, नळ आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे. आमच्या भागातल्या शाळेत पट कमी झाल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काही खोल्या तर दिवसाही वापरात नाहीत.

म्हणून ही मागणी. त्यात अडचणी काय येतील याचाही मी विचार केला आहे. जबाबदारी कुणाची, हा पहिला प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे महापालिकेच्या प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने ठराव करावा आणि त्याला महापालिकेच्या शिक्षण विभागाने मान्यता द्यावी. आम्हा शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी, ती आम्ही आनंदाने करून देऊ. एका खोलीत नेहमी दोन मोठी माणसं असावीत, त्यातली एक स्त्री, आणि दार उघडं असावं. मुलांच्या सुरक्षेबाबत कुणाच्याही सद्‍भावनेवर विसंबून चालत नाही, माझ्याही नाही. फी घ्यायची नाही, कुठल्या क्लासची, पक्षाची किंवा संस्थेची जाहिरात खोलीत लावायची नाही, हे ठरावातच लिहावं. रखवालदाराला दोन तास जास्त थांबावं लागेल, त्याचा मोबदला त्याला मिळायला हवा. तो महापालिकेला जड वाटत असेल तर आम्ही पेन्शनर वर्गणी काढून देऊ. त्या शिपाईमामांना कुणी जादा पगार दिला होता की नाही, मला ठाऊक नाही. आजच्या मामांना तो मिळावा असं मला वाटतं.

आणि निवृत्त शिक्षक बंधू-भगिनींना थोडं. तुम्ही वर्ग घेऊ नका. फळ्यापुढे उभं राहून आपण तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, तो मोह होतो. पाच-सहाच मुलं घ्या आणि त्यांच्यामध्ये बसा. पहिला आठवडा पुस्तक उघडू नका. मुलाला वजाबाकी, भागाकार करायला लावा, चार ओळी वाचायला लावा आणि नुसतं बघा. तो कुठे अडतो ते तिथेच दिसतं. उर्दू आणि कन्नड माध्यमातले शिक्षक आले तर फारच बरं होईल, कारण महापालिकेच्या त्या शाळांतल्या मुलांना आम्ही मराठीवाले अर्धेच उपयोगी पडतो. ज्यांना तेलुगू येतं त्यांची तर आम्हाला रोज गरज भासते. पाढे, शुद्धलेखन, इंग्रजीचं वाचन, अर्ज भरणं, ज्याला जे येतं ते. गुडघे दुखतात म्हणून जिने चढवत नाहीत, हे मलाही लागू आहे, म्हणून खोल्या तळमजल्यावरच्या मागते आहे.

आमच्या ओळखीच्या सहा-सात जणी आणि दोन गृहस्थ आजही यायला तयार आहेत. आपण हे पत्र छापलंत तर आणखी नावं पुढे येतील याची मला खात्री वाटते. महापालिकेने एवढंच करावं की हा निर्णय जूनच्या मध्याला शाळा उघडण्याआधी घ्यावा. म्हणजे पहिल्या आठवड्यापासून बसता येईल. खोल्या दिवाळीनंतर मिळाल्या तर नववीची जी मुलं गळायची ती तोवर गळून गेलेली असतात. जूनमध्ये ती अजून दप्तर घेऊन येत असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
साखर पेठ, सोलापूर